न वाचलेली ओळ

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी उशिरा आली, म्हणून मायला फाट्यावर चार शब्द बोलायला वेळ मिळाला. तिच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकणावर दोन पोपट, त्यातल्या एकाचं डोकं घासून गेलेलं. आत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कागदाच्या पुडीत ओवा. सुजाता, त्या डब्यात तू खडू ठेवायचीस, आणि तो मला दिला म्हणून रुसून घरीच थांबली होतीस. तू तेव्हा सहावीत होतीस. फाट्यावर आम्ही दोघंच. मला वाटलं, माय आता नोकरीबद्दल काही म्हणेल, तब्येतीबद्दल म्हणेल. ती म्हणाली, "डबा हरवू नको. आन पाठवशील तवा रिकामा पाठवू नको, लेकरा. चिमूटभर साखर घाल, पण घाल."

मग धूळ उडवत बस आली आणि मी चढलो.

रिकामं भांडं परत न करणं ही मायची एकटीची रीत नव्हती. आपल्या वस्तीत सगळ्याच घरांत ती होती. उसन्या पिठाची वाटी परत जाताना तिच्यात दोन हिरव्या मिरच्या तरी असायच्याच. गावातून मात्र आपल्याकडे कधी भांडं येत नसे, त्यामुळे परत करायचा प्रश्नच नसे. हे मला लहानपणी विचित्र वाटलं नाही. मीरा रोडला आल्यावर, शेजारच्या गुजराती बाईंनी पहिल्यांदा वाटीभर खांडवी आणून दिली आणि वाटीसाठी दारातच थांबून राहिल्या, तेव्हा ते ध्यानात आलं.

पहिली खोली पेणकरपाड्यात होती. मालकीणबाई इथल्याच, जुन्या. त्यांच्या सासऱ्यांची मिठागरं होती म्हणे. त्या हसून सांगायच्या, "आता कय न्हाय. आता मीठ पन दुकानातनं आनतो." पहिल्याच महिन्यात मला ताप आला. तीन दिवस मी कामावर न जाता पडून होतो, तेव्हा त्यांनी दार वाजवलं. "अंगावर काढू नको रे. डॉक्टर-बिक्टर कय न्हाय, कोपऱ्यावर मेडिकल हाय, त्याला सांग. तो देल गोली." मेडिकलवाल्या हसमुखभाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि लाल-पिवळ्या कॅप्सूलची दहाची पट्टी दिली. पाच खाल्ल्या. ताप गेला. तो त्या कॅप्सूलमुळे गेला की जायचाच होता, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पाच उरल्या. डबा रिकामा होता, आणि त्यात काय घालावं हे मला सुचत नव्हतं. इथली मिठाई गावापर्यंत टिकली नसती. साखर घालणं बरं दिसेना. मायला पावसाळ्यात कणकण यायची हे आठवलं, आणि मी त्या पाच कॅप्सूल डब्यात घातल्या. वर एक साबण, तुझ्यासाठी एक पेन. गावाकडच्या ट्रॅव्हल्स सकाळी काशीगावच्या पुढे हायवेवर थांबतात. ड्रायव्हरच्या हातात डबा दिला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण घरापासून तुटलो नाही.

पुढं बावीस वर्षं तो डबा जात-येत राहिला. येताना त्यात कारळाची चटणी, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, कुरडया. जाताना गोळ्या. हसमुखभाई मला पाहिलं की विचारायचे, "गाँव जा रहा है डब्बा? दो पत्ते एक्स्ट्रा रख लो भाई, गाँव में काम आता है." मी ठेवायचो. त्यांच्या मनात पाप होतं असं मी कधीच म्हणणार नाही. ते स्वतःच्या आईलाही तसंच पाठवत असत.

मायला वाचता येत नव्हतं, हे तुला सांगायला नको. पण तिनं पट्ट्यांना दोरे बांधले होते. तापाला लाल, पोटाला पांढरा, खोकल्याला हिरवा. दात दुखला तर लाल आणि पांढरा मिळून. फोनवर मी नाव सांगायचो, रंग सांगायचो, ती दोरा ठरवायची. पट्टी कात्रीनं कापून एकेक गोळी वेगळी करायची. हळूहळू वस्तीतली माणसं तिच्याकडे यायला लागली. ती कुणाला नाही म्हणायची नाही.

आणि मग एक दिवस तिचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वर चढलेला.

"आज पाटलाची थोरली सून आली होती."

"आपल्याकडं?"

"मग काय हवेत? दारात आली, म्हनली, काकू, लेकरू तापलंय. ओट्यावर बसली. म्या पानी दिलं."

"पिली?"

"पिली की. गिलास खाली ठेवला आन म्हनली, तुमच्या रांजनाचं पानी गार हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "पोराला काय दिलंस?"

"लाल दोऱ्याची."

"पाच दिवस द्यायला सांगितलंस ना?"

"पाच तिलाच दिल्या तर बाकीच्यायनी काय करावं? दोन दिल्या. सांजच्याला उतरला म्हने."

मी हसलो. ती पण हसली. त्या दिवशी मी कचेरीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आपल्या बापानं उभ्या आयुष्यात त्या गल्लीत पायातली वहाण पायात ठेवून चालण्याची हिंमत एकदाच केली होती. आणि आता त्या गल्लीतली बाई आपल्या ओट्यावर बसून पाणी पीत होती. ते एका डब्यामुळं झालं आणि तो डबा मी भरत होतो. सुजाता, हा आनंद मी खोटा ठरवू शकत नाही. पुढचं सगळं वाचताना तो तसाच राहू दे.

माझं काम तुला माहीत आहे, पण त्याचं नेमकं रूप मी कधी सांगितलं नसेल. इंग्रजी कागद येतो, मी मराठी करून देतो. नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, विम्याच्या अटी, औषधांबरोबरची पत्रकं. या धंद्यात पहिला नियम एकच आहे, ओळ गाळायची नाही. न आवडलेली ओळ, न कळलेली ओळ, दोनदा आलेली ओळ, सगळ्या करायच्या. आमचे जुने साहेब म्हणायचे, "आपण टपाल आहोत. टपालानं पत्र उघडून बघावं, पण गिळू नये."

काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यातला एक इनडिस्क्रिमिनेट. निवड न करता केलेलं, एवढाच त्याचा गाभा. पण मराठीत तो कुठल्या एका शब्दात बसत नाही. खाडीकाठच्या तिवरांवर भराव टाकल्याची नोटीस आली तेव्हा मी 'बेसुमार' लिहिलं. गोळीबाराच्या बातमीत 'अंदाधुंद'. कोर्टाच्या कागदात एकानं दुसऱ्यावर केलेले आरोप 'बेछूट'. एका शाळेनं सगळ्याच पोरांना शिक्षा केली, तिथं 'सरसकट'. इंग्रजी माणूस एकच शब्द सगळीकडे घेऊन फिरतो, आपल्याला मात्र आधी विचारावं लागतं, कुणी केलं, कशापायी केलं, झळ कुणाला बसली. मला हा शब्द आवडायचा. शाळेत असताना जाधव सरांनी माझ्याबद्दल तो वापरला होता. भज्याच्या पुड्याचा कागदसुद्धा वाचतो, असा हा वाचक, म्हणून. मी ते कौतुक समजलो होतो. ते कौतुकच होतं बहुतेक.

एकदा दुपारी एका आरोग्य मोहिमेचं पोस्टर आलं. चार ओळी. त्यातली तिसरी मी अशी केली: 'अँटिबायोटिक औषधांचा सरसकट वापर टाळा.' 'प्रतिजैविक' लिहू की 'अँटिबायोटिक', यावर आम्ही कचेरीत चहा संपेपर्यंत बोललो. लोकांना कळेल तो शब्द ठेवू, असं ठरलं. मी ओळ पुन्हा वाचली, ठीक वाटली, पाठवून दिली. मग घरी जाताना हसमुखभाईंकडे थांबलो, कारण दुसऱ्या दिवशी डबा जायचा होता.

त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आल्याच नाहीत. मी पुष्कळदा आठवून पाहिलंय, एखादी शंका, एखादा थांबलेला क्षण. नाही. तिसरी ओळ कुणासाठी होती? लोकांसाठी. आणि माय म्हणजे लोक नव्हते.

गेल्या वर्षी मायला लघवीला जळजळ, मग थंडी वाजून ताप, असं सुरू झालं. तू फोनवर सांगितलंस, "दादा, लाल दोऱ्याच्या संपल्या, हिरव्या चालतील का?" मी नवीन पाठवल्या. ताप उतरला, पुन्हा आला. मी त्याहून नवीन पाठवल्या. पाच-सहा महिने हे चाललं. शेवटी तू तिला ट्रॅव्हल्समध्ये बसवलंस, आणि मी काशीगावच्या पुढे हायवेवर, जिथं डब्याची वाट बघायचो तिथं, मायची वाट बघत उभा राहिलो. ती उतरली तेव्हा डबा तिच्या मांडीवरून हातात आला होता. चालवत नव्हतं, पण डबा सोडत नव्हती. रिक्षात मला म्हणाली, "प्रज्ञाला कुरडया आवडतात म्हून आनल्या. तुटल्या असतील."

सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरात ती दोनच दिवस राहिली. तुझ्या प्रज्ञावहिनीनं कुरडया तळल्या. मायनं एक तुकडा जिभेवर ठेवून तसाच विरघळू दिला. खिडकीतून समोरच्या इमारतींकडे बघून म्हणाली, "एवढ्या लोकायला एकमेकाचं नाव कसं काय ध्यानात राहतं?" मी म्हणालो, राहत नाही. "मग आजारी पडलं की?" 

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवलं. लघवीचा, मग रक्ताचा तपास झाला. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन गेल्या. त्यांनी एक कागद दाखवला. औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच अक्षर. त्याचा अर्थ, हे औषध आता लागू पडत नाही. त्या म्हणाल्या, "काका, आजींना आधी खूप अँटिबायोटिक्स झाल्यात का? म्हणजे कोर्स अर्धवट सोडलाय वगैरे?"

मी कागदाकडे बघत होतो. ती नावं मला पाठ होती. कुठली कोणत्या वर्षी गेली तेही सांगता आलं असतं. पहिलं लाल-पिवळ्या कॅप्सूलचं. चौथं ते, ज्याला हसमुखभाई 'इम्प्रूव्ह्ड है' म्हणाले होते. तो तपासाचा कागद म्हणजे आमच्या डब्याची यादी होती.

"झाल्यात," मी म्हणालो.

"कुणी दिल्या? लोकल डॉक्टर?"

मी म्हणालो, "गावात देतात."

त्यांनी मान हलवली. असं उत्तर त्या रोज ऐकत असणार. मी विचारलं, हे त्याच्यामुळेच झालं का. त्या म्हणाल्या, "फक्त त्यामुळेच असं कुणालाच सांगता येणार नाही. वय आहे, साखर आहे. पण आमच्या हातात आता एक-दोनच औषधं उरलीत." तीही दिली. मी काचेच्या दारापाशी बसून असायचो. शब्द घडवून पोट भरणारा माणूस मी, मला तिच्या कपाळावर हात ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. आणि तिला कपाळावर हात ठेवून ताप ओळखायची सवय, म्हणून ती डोळे मिटूनच विचारायची, "हाय का?" मी म्हणायचो, "थोडा हाय." नवव्या दिवशी तिनं विचारलं नाही.

आपण तिला गावी आणलं, तिच्याबरोबर डबाही परत आला. जलदान विधीच्या दिवशी मंडपात एवढी माणसं होती की आतापर्यंत कुठं होती असं वाटावं. पाटलाची थोरली सून बायकांमध्ये बसून रडत होती. वंदना झाली, आणि वस्तीतले म्हातारे तात्या म्हणाले, "दवाखान्याचा शेवटचा कागद आणलाय ना? वाच बाबा. माय कशानं गेली ते समद्यायला कळू दे." तू पण म्हणालीस, "वाच दादा. तू वाचलंस की मग खरं वाटंल."

मी उभा राहिलो. इंग्रजी बघत होतो आणि मराठी बोलत होतो, जसं रोज करतो. वय. कधी दाखल केलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला. कोणती औषधं दिली. मग ती ओळ आली, आणि त्या ओळीत तोच शब्द होता, इनडिस्क्रिमिनेट. पूर्वीच्या अँटिबायोटिक वापराबद्दल होती ती. मी ती बघितली. पाटलाची सून बघितली, दोन गोळ्या खाऊन गेलेली सगळी वस्ती बघितली, तुझा चेहरा बघितला. आणि मी पुढची ओळ वाचली.

बावीस वर्षांत मी गाळलेली ती एकमेव ओळ आहे.

मी स्वतःला सांगितलं, मायची अब्रू राखली. लोक म्हणाले असते, तिच्या गोळ्यांनीच ती गेली. पण सुजाता, ओळीत मायचं नाव नव्हतं. मी माझी राखली.

हे सगळं मी पोटात ठेवूनच राहिलो असतो. मागच्या महिन्यात तुझा फोन आला नसता तर राहिलोच असतो. तुझी आर्या तापली होती. तू म्हणालीस, "मायचा डबा उघडलाय. मायच्या उरल्यासुरल्या गोळ्या त्यातच ठेवल्या होत्या, लाल दोऱ्याच्या चार हायत. लेकराला अर्धी देऊ का आख्खी?"

 मी म्हणालो, "देऊ नको. आरोग्य केंद्रात ने."

"डॉक्टर मंगळवारी येतात. आज शुक्रवार हाय."

"नर्स असतील ना. त्यांना दाखव. घरात पाणी पाज, अंग पूस. पण ती गोळी देऊ नको."

"का? जुनी झाली का? मग नवी पाठव."

"नाही पाठवणार."

 मग जे बोललीस ते अजून माझ्या कानात आहे. "माय गेली, डबा बंद. आमी तुझ्या कोन लागतो आता?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी "तसं नाही गं" म्हणालो, आणि तू फोन ठेवून दिलास. तीन दिवसांनी तुझा निरोप आला: नर्सनं साधा ताप म्हणून सांगितलं, आर्या शाळेत गेली. आणि खाली एक ओळ, 'तरी मी लाल दोऱ्याची एक दिलीच होती, त्यानंच उतरला.' माझी पहिली पट्टी मी अशीच खाल्ली होती. तुला मी काय सांगणार होतो? ज्या खात्रीनं तू बोलतेस ती मीच तुला डब्यातून पाठवली आहे. वस्तीत आता तू मायची जागा घेतली आहेस, लोक तुझ्या दारात येतात, हेही तात्यांकडून कळलं. म्हणून लिहायला बसलो. फोनवर मी पुन्हा 'तसं नाही गं' म्हणालो असतो.

ती ओळ अशी आहे. मराठी करायला मला आठवडा लागला. मी 'अंदाधुंद' लिहून खोडलं, कारण माय प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून द्यायची, आंधळेपणानं तिनं काहीच केलं नाही. 'बेछूट' लिहून खोडलं, तिच्या स्वभावात ते नव्हतं. 'सरसकट' बराच वेळ कागदावर ठेवला. तो बरोबर आहे. दारात येईल त्याला, जात न बघता, गल्ली न बघता, तिनं दिलं. आपल्या गावात सरसकट सगळ्यांना मिळालेली पहिली वस्तू ती असेल. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि त्याच ओळीत माझी माय मरते. मला दोन्ही वेगळं करता येत नाही. शेवटी साधंच लिहिलं:

'रुग्णाला यापूर्वी अनेक वेळा, गरज न तपासता व अपुऱ्या प्रमाणात, अँटिबायोटिक औषधे देण्यात आली होती.'

देण्यात आली होती. कुणी दिली ते कागदात नाही. ते मी खाली माझ्या हातानं लिहितो: मी दिली. हवं तर हे तात्यांना वाचून दाखव, पाटलाच्या सुनेला दाखव. तिच्या लेकरालाही दोनच मिळाल्या होत्या.

आमच्यासारखे जे गाव सोडून आले, ते सगळे काही ना काही डब्यात घालून पाठवतात. कुणी साड्या, कुणी मोबाइल, कुणी नुसता सल्ला. आपण तिथं नाही ही जागा भरायची असते. मी ती गोळ्यांनी भरली. आता ती भरायला माझ्याकडं काही नाही, आणि ती रिकामी आहे हे तुला दिसू द्यावं एवढंच माझ्या हातात उरलंय.

सुजाता, डबा पाठवून दे. आतल्या सगळ्या पट्ट्या आरोग्य केंद्रात नेऊन दे, त्या नर्सबाईंच्या हातात. दोरे मात्र काढून घे, ते मायच्या साडीच्या काठाचे आहेत, तुझ्याजवळ ठेव. चटणी घालू नको, कुरडया घालू नको. ट्रॅव्हल्सवाला हसला तर हसू दे. मी सकाळी हायवेवर उभा असेन.

इथं इतकी वर्षं राहिलो आणि घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून आपल्या गावाचं नाव सांगतो. त्या घरातून कधीच काही रिकामं आलं नाही. या वेळी येऊ दे. मायनं मला जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते मी तुला करायला सांगतोय. तू पाठवलास, तर तू माझ्यावरचा राग ठेवूनही मला घरातला धरतेस, असं मी समजेन.

झाकण नीट लाव. वाटेत वाजेल.